सेटमामांचा पहिला खिळा

नाटक कंपनीत त्यांना सगळे सेटमामा म्हणत. रंगमंचावरची घरं, महाल, तुरुंग तेच उभे करायचे, आणि तोंडात शब्दही तो एकच: सेट. नायिकेचा अंबाडा मनासारखा बसला, की "केस सेट!" रुसलेल्या दोन नटांना समोरासमोर बसवून चहा पाजला, की "दोघांचं सेट करून दिलं." शिडीवरून पडून हात मोडला, तेव्हा प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनाच विचारलं, "हाड सेट होईपर्यंत हातोडी डाव्या हातात धरू का?" लेकीचं लग्न ठरलं, तर भर बैठकीत व्याह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चला, सेट!" व्याही पार गांगरले.

"अहो, शब्दांचा दुष्काळ पडलाय का?" बायको विचारायची.

"अगं, एकात भागतंय तर दुसऱ्याला कशाला त्रास?"

बायकोच्या लेखी मात्र सेट एकच. तिच्या आईनं दिलेला, निळ्या काठाच्या कपबशांचा. लग्नापासून तो खोक्यातच होता. भाड्याच्या खोल्या बदलल्या, खोकं तेच. कारण मामांचा धंद्यातला नियम: थिएटर आपलं नसतं, भिंतीला खिळा मारायचा नाही. त्यांचे महाल उभे राहायचे टेकूंवर आणि वाळूच्या पिशव्यांवर. पडदा पडला, की घटकाभरात ट्रकमध्ये. घरातही तीच तऱ्हा. आरसा खुर्चीवर, कॅलेंडर दाराच्या कडीला, घड्याळ पाण्याच्या पिंपाला टेकवलेलं. वेळ बघायची तर आधी कंबर वाकवा!

मामा निवृत्त झाले. दोघांनी स्वतःचं छोटंसं घर घेतलं, तरी खोकं पलंगाखालीच. शेवटी बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "रविवारी लेक येतेय, तिला सांगून ठेवलंय. तोवर माझे कप मांडलेले दिसले नाहीत, तर तिच्याबरोबर कपही जातील आणि मीही. तिच्याकडे कपाट तरी आहे."

मामांच्या अंगात वारं शिरलं. करवत, रंग, ब्रश, काही विचारू नका! शनिवारी स्वयंपाकघरात असं कपाट उभं राहिलं, की बघणाऱ्यानं टाळ्याच वाजवाव्यात. सागवानी रंग, वेलबुट्टी, पितळी मुठी. बायकोचे डोळे भरून आले. तिनं कौतुकानं खालचा खण ओढला.

मूठ हातात आली. खण नुसता रंगवलेला होता. तिनं मागे डोकावून पाहिलं. ताणून बसवलेलं कापड, एक टेकू आणि वाळूची पिशवी.

"अगं, पहिल्या रांगेतून कुणाला कळणारसुद्धा नाही!"

"मी पहिल्या रांगेत नाही बसत हो. मी इथे राहते." तिचा आवाज जराही चढला नाही. मांडायला काढलेले कप तिनं गुपचूप पुन्हा कागदात गुंडाळायला घेतले. मामांनी टेकू काढला, वाळूची पिशवी उचलली आणि कपाट घटकाभरात दाराबाहेर नेलं.

रविवारी सकाळी त्यांनी एक जाड फळी तासली, खाली धरायला लोखंडी कोन घेतले. खिळा भिंतीवर टेकवला. हातोडी उचलली आणि हात तसाच वर राहिला.

"विचारायला नको?" ते पुटपुटले.

"कुणाला?"

"मालकाला."

"मालक तुम्हीच आहात. मारा!"

पहिला घाव इतका हळू, की खिळ्यालाही कळला नाही. दुसऱ्याला थोडी माती पडली आणि मामा दचकून दाराकडे बघू लागले. कुणीच ओरडायला आलं नाही. मग मात्र गडी रंगला.

फळी बसली. बायकोनं ती दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. फळी हलली नाही. तेव्हा कुठे एकेक कप बाहेर आला, पुसला गेला, वर चढला.

दुपारी लेक आली. त्याच कपांतून चहा झाला. "आई, बॅग कुठाय? निघायचं ना?"

"कुठली निघतेय! तुझ्या बाबांनी ठोकून बसवलंय मला इथे," बायको म्हणाली, आणि पिंपाजवळचं घड्याळ उचलून तिनं मामांच्या हातात दिलं.