बावन्न पत्ते, जसेच्या तसे

मी तापट माणूस. शाळेत गणित शिकवायचो आणि पत्त्यांतही मला गणितच दिसायचं. उत्तर चुकलं की दोष पत्त्यांचा, नाहीतर जोडीदाराचा. भंडाऱ्याच्या साहेबलोकांच्या क्लबात ब्रिज चालायचा, तिथे मी इतका खेकसायचो की वर्षभरात तीन जोडीदार मला सोडून गेले. दोघांनी बदलीचं कारण सांगितलं. तिसऱ्याची तर बदलीही झाली नव्हती.

चौथा मिळाला तो कोंढ्याचा, धान पिकवणारा. धोतर, खांद्यावर दुपट्टा आणि छातीतून येणारा जुना खोकला. कसल्याशा कागदावर सही घ्यायला तो एका साहेबाला शोधत क्लबात आला होता. सही होईपर्यंत त्याने उभ्या उभ्या आमचा एक डाव पाहिला आणि जाताना मला हळूच म्हणाला, "किलवरची नव्वी अजून बाहेर होती जी." खरंच होती. मी त्याला खुर्ची दिली.

तरुणपणी त्याला क्षय झाला होता. नागपूरकडच्या दवाखान्यात दीड वर्ष काढलं, तिथे शेजारशेजारच्या चार खाटांवर ब्रिज शिकला. त्या चौघांपैकी घरी परत आलेला तो एकटा. कोंढ्यात ब्रिजला तीन माणसं कुठून मिळणार? म्हणून तो दर रविवारी सकाळच्या एसटीने भंडाऱ्याला यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. "पत्ते हातात आले का मले थे तिघं भेटल्यावानी वाटते," असं एकदा म्हणाला होता. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला मास्तर.

क्लबाच्या सेक्रेटरींना मात्र धोतरातला पाहुणा दर रविवारी खुर्ची अडवतो हे खुपत होतं. वरठीकडच्या इंजिनिअरांशी आमचा सामना ठरला तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ढाल जिंका, यांना सभासद करून घेतो. हरलात तर पुढच्या रविवारपासून पाहुणे बंद." भाऊ म्हणाले, "बरं जी." माझा जीव मात्र टांगणीला लागला. हा गेला तर माझ्याबरोबर खेळायला कोण बसणार होतं?

संघांच्या सामन्यात नशिबाला बोल लावायची सोय नसते. एकच डाव दोन खोल्यांत खेळतात. या खोलीत आम्ही ज्या बाजूचे पत्ते खेळलो, तेच पत्ते दुसऱ्या खोलीत प्रतिपक्षाची माणसं खेळणार. म्हणून टाकलेले पत्ते मध्ये गोळा करायचे नाहीत. प्रत्येकाने आपले पुढ्यात ठेवायचे आणि डाव संपला की चार कप्प्यांच्या पितळी तबकात परत घालायचे. ही तबकं आम्ही गावातल्याच भांडेवाल्याकडून करून घेतली होती. खुणा करायलाही सक्त मनाई. गावाकडच्या देहला पकडीच्या डावात जोडीदाराला खोकून सांगणं हा खेळाचाच भाग असतो. क्लबातही काहींना नेमक्या वेळी खोकला यायचा, पण ते आपलं बोलून दाखवायचं नाही.

शेवटचा डाव सोडून बाकी सगळे दोन्ही खोल्यांत झाले होते. व्हरांड्यातल्या फळ्यावर आम्ही चार गुणांनी पुढे होतो. शेवटचं तबक आधी आमच्या टेबलावर आलं.

माझ्या उजवीकडच्या इंजिनिअरने पहिलीच बोली दिली, पास, म्हणजे बोली लावण्याइतके भारी पत्ते नाहीत. मी एक इस्पिक म्हटलं. डावीकडचा पास. भाऊंनी दोन इस्पिक म्हणून दुजोरा दिला आणि मी थेट चारवर उडी मारली. म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेरापैकी दहा हात मला करायचे. भाऊंनी आपले पत्ते टेबलावर उघडे मांडले. उघड्या हाताचा धनी डाव संपेपर्यंत नुसता बसतो. ते पत्तेही मीच खेळायचे.

डाव्या इंजिनिअरने लहान बदाम उतरलं. उजव्याने त्यावर एक्का मारला, मग राजा, पुढे चौकटचा एक्का. तीन हात गेले. आणखी एक गेला की डाव बुडाला. सगळं येऊन अडलं किलवरच्या राणीवर. ती डाव्याकडे असो की उजव्याकडे, मला पकडता येत होती, फक्त बाजू बरोबर ओळखायची होती. मी डोळे मिटून गणित मांडलं. डाव्याकडे बदाम जास्त, म्हणून उजव्याकडे किलवर जास्त असणार, म्हणून राणी उजवीकडे असण्याचा संभव अधिक. तेवढ्यात भाऊ खुर्ची सरकवून उठले आणि दुपट्टा तोंडाशी धरून बाहेर अंगणात पार नळापर्यंत गेले. माझं डोकंच फिरलं. ऐन वेळी या माणसाला पाय मोकळे करायचे सुचतात! ते परत येऊन बसले तेव्हा माझं ठरलं होतं. उघड्या हातातून लहान किलवर काढलं, माझ्याकडून गुलाम लावला. डाव्या इंजिनिअरने शांतपणे राणी ठेवली.

उरलेले पत्ते खेळून संपल्यावर मी माझे तेराच्या तेरा पत्ते टेबलाच्या मध्यावर आपटले. त्यांच्या धक्क्याने बाकीच्यांचेही विस्कटले. आणि डाव संपला की रिकाम्या माणसाने पत्ते पिसायचे या गावाकडच्या सवयीने भाऊंनी सगळे गोळा करून पिसायला घेतले. दोनतीनदा पिसल्यावर त्यांचे हात थांबले. दुसऱ्या खोलीत खेळायला आता डावच उरला नव्हता.

पंच म्हणून निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी नियमाचं पुस्तक उलटसुलट चाळलं आणि म्हणाले, "सगळ्यांना मान्य असेल तर हा डाव रद्द करू." इंजिनिअर दिलदार होते, त्यांनी लगेच मान डोलावली. डाव रद्द म्हणजे चार गुणांनी ढाल आमची! मी घाईघाईने म्हणालो, "करा रद्द."

"थांबा जी," भाऊ म्हणाले. "मी मांडून देतो."

आणि तो माणूस मांडायला लागला. एकेक पत्ता उलटायचा, क्षणभर पाहायचा आणि चारपैकी एका ढिगावर ठेवायचा. एक्के-राजे कुणालाही आठवतात. याने दुऱ्या-तिऱ्याही तितक्याच मानाने जागेवर नेऊन ठेवल्या. एकदा डावा इंजिनिअर म्हणाला, "ही चौकटची अठ्ठी माझी नव्हती, याची होती." भाऊ म्हणाले, "नाही साहेब, तुमीच टाकली होती, हुकूम सरल्यावर." इंजिनिअरने आठवून पाहिलं आणि कानाची पाळी पकडली. शेवटी चार ढीग मोजले, तेरा, तेरा, तेरा, तेरा. आम्ही चौघांनी, म्हणजे पंचांसकट, पत्ता न् पत्ता तपासला. एकही इकडचा तिकडे झाला नव्हता. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला. उजवा इंजिनिअर उठून उभा राहिला, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं मी पत्ते खेळत होतो, पण पत्त्यांकडे असं पाहणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. आणि हाच माणूस स्वतःच्या हाताने आमची ढाल परत देत होता, हेही मला दिसत होतं.

तबक दुसऱ्या खोलीत गेलं. पाव तासाने निकाल आला. माझ्या जागी बसलेल्या त्यांच्या माणसाने राणी डावीकडे धरली आणि दहा हात केले. आमचे दहा गुण गेले, सहांनी हरलो. पाहुण्यांच्या वहीत भाऊंच्या नावावर सेक्रेटरींनी रेघ मारली.

एसटी स्टँडवर माझा बांध फुटला. "काहून मांडले पत्ते? कोणी मांगितलं होतं तुमाले?"

भाऊंनी गाडीच्या वाटेकडे पाहत सांगितलं, "वॉर्डात डॉक्टरची फेरी आली का नर्सबाई सारे पत्ते उचलून नेत जाये. फेरी गेली का आमी चौघं आठवून आठवून तोच डाव परत मांडत होतो. अर्धा सोडत नव्हतो. मांडता येते, तं मांडाव लागते, मास्तर." गाडी आली आणि ते निघून गेले.

आठवडाभर वर्गात फळ्याकडे पाठ केली की मला ते चार ढीग दिसायचे. रविवारी मी पत्त्यांचा नवा कॅट खिशात घातला आणि कोंढ्याची एसटी पकडली. भाऊ धानाच्या बांधीचं पाणी वळवून नुकतेच आले होते. पाय धुऊन माझ्यासमोर सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसले. त्यांच्या बायकोने चहा ठेवला. मी माफी मागायला आलो होतो, पण तोंडातून निघाला तो प्रश्नच. "राणी डावीकडे हाय, हे कसं समजाव?"

"उजव्यानं पयलेच पास म्हणलं होतं," भाऊ म्हणाले. "मंग त्याच्यापासून बदामचा एक्का निंगाला, राजा निंगाला, चौकटचा एक्का निंगाला. वरतून राणीबी असती, तं थो पास म्हणला असता का जी?"

इतकं सोपं होतं. मी सगळ्यांचे पत्ते मोजले होते, पण समोरचा माणूस काय म्हणाला ते ऐकलंच नव्हतं.

"हे तुमाले तवाच समजलं होतं?"

"हो जी."

"अन् तवाच उठून बाहेर कायले गेले?"

भाऊ ओशाळल्यासारखे हसले. "खोकला येऊन राहिला होता, मास्तर. तुमी राणीचाच इचार करून राहिले होते. तवा खोकललो असतो, तं तुमाले खूण वाटली असती."

क्लबाच्या अंगणात नळापाशी वाकलेला माणूस मी मनाशी शिव्या घालत पाहिला होता. त्याची खुर्ची त्या राणीवर टांगलेली होती आणि ती कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं.

मी कॅट फोडला आणि पिसून वाटायला घेतलं. माणसं दोनच होती, तरी हात चार वाटले. भाऊंनी पत्ते लावले आणि पहिली बोली दिली. मी माझे पत्ते उचलले नाहीत. आधी ती नीट ऐकून घेतली.