मोतीबाईंचा पाम

बदलापूरला कात्रपच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर भूपेशनं हौसेनं एक शोभेचा पाम आणला होता. स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये कुंडी धरून. पुढं चार महिन्यांत हायवेवर ट्रकनं त्याच स्कूटरला उडवलं. तेव्हापासून त्याची आई मोतीबाई रडायची ती फोटोपाशी नाही, गॅलरीत कुंडीपाशी. फोटोला हार घातला की काम संपतं. झाडाला रोज काहीतरी करावं लागतं, आणि बाईंना करायला काहीतरी हवंच होतं.

बाई बदलापूर गावातल्या. माहेर खाडीकडचं, मिठागरावरचं. सासरी माडांची वाडी. वाडी बिल्डरच्या घशात गेली, पण हाताची सवय जाते कुठं? पामच्या पात्यांची टोकं करपायला लागली, तसा बाईंनी सासूचा उपाय काढला. बुंध्याशी मूठभर खडेमीठ.

"आई, हे काय घालताय?" भूपेशची बायको नेत्रा म्हणाली.

"मीठ गो. माड मिठावरच पोसतो. ह्यो त्याचाच भाऊबंद."

नेत्रा आत वळली. झाडाच्या निमित्तानं सासू दोन घास खात होती, मोडता कशाला घाला? टोकं आणखी करपली. बाईंनी आणखी मीठ घातलं. कुंडीतल्या तीन खोडांतली दोन वाळली, तेव्हा कुठं नेत्रा करपलेलं पान घेऊन अंबरनाथच्या नर्सरीत गेली.

परत आली ती चप्पल न काढताच गॅलरीत. "आई, मिठानंच जळतंय ते. जमिनीतलं पावसात धुऊन जातं, कुंडीतलं साचतं. भरपूर पाणी ओता म्हणाला नर्सरीवाला."

"म्हंजे मीच मारला त्याला?"

नेत्रानं बादली नळाखाली लावली. बाईंनी बादल्यांवर बादल्या ओतल्या. जन्मभर जे शिकल्या ते सगळं वाडीबरोबर विकलं गेलं होतं, हे त्यांना त्या वाहत्या पाण्यात बसून कळलं. जीव नकोसा झाला.

पुढं आठवडाभर नेत्रा रोज सांगायची, "उरलेल्याचा मधला कोंब हिरवा आहे अजून. जगेल बघा."

एका सकाळी बाईंनी तो कोंब दोन बोटांत धरला. ओढलाही नाही, तोच अलगद हातात आला. खालचं टोक कुजकं, घाण वासाचं. माडाचा कोंब असा निघाला की माड गेला, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"काय झालं, आई?" नेत्रानं आतून विचारलं. किती दिवसांनी तिच्या आवाजात जरा जीव होता.

बाईंनी कोंब होता तिथं परत खोचला.

"काय नाय गो. बादली भर."