अष्टमीची चाचणी

मुकुल बसून चहा प्यायलाय, असं मी कधी पाहिलं नाही. आमच्या शेजारचा हा सॉफ्टवेअरवाला पुण्याला कंटाळून काशीला, ब्रह्मा घाटावर परत आला, तेव्हापासून माझ्याकडे येतो आणि कप घेऊन खोलीभर फिरतो.

नोकरी मात्र पुण्याचीच. दूरच्या विद्यार्थ्यांना घरून वेद शिकता यावेत म्हणून त्याच्या कंपनीने अ‍ॅप बनवलंय. पहिला वर्ग रामघाटाच्या बिंदुमाधव गुरुजींचा. तो नीट चालला तर मुकुलने काशीतूनच काम करायचं, नाही तर पुन्हा पुणं. त्याच्या वरिष्ठ रुचीने हे स्वच्छ सांगितलं होतं.

गुरुजींच्या पाठशाळेत इंटरनेटच्या दोन लाइनी. एक तारेची, तिच्यावर माकडं झोके घेतात; दुसरी मोबाइलची. त्यांच्यावर नजर ठेवायला सॉफ्टवेअर निवडायचं होतं. एक, लाइन कमजोर झाली की आपणहून दुसरीवर उडी मारणारं. दुसरं नुसतं फोनवर बोंबलणारं. बदल माणसाने करायचा.

"मावशी, पहिलावाला एकदम बढिया! काल दिनभर चालवला, एक शिकायत नाही. रुचीला कळवलं पण."

"मग आता बस खाली."

"बसतो ना." बसला नाही.

मी भाजी निवडत सहज म्हटलं, "काल गुरुजी भेटले चौकात. भर दुपारी परवलची भाजी घेत होते."

मुकुल थांबला. "दुपारी? वर्ग सोडून?"

"अरे, अष्टमी नव्हती का काल!"

अष्टमीला अनध्याय. वेदाचा पाठ त्या दिवशी होत नाही. याने चाचणी घेतली ती रिकाम्या वर्गावर! मला रागच आला. "लहानपणी याच पाठशाळेत होतास ना? सुट्टीसाठी पंचांग तोंडपाठ होतं तुझं!"

त्याने माझ्यासमोरच रुचीला फोन लावला. ती कडाडली, "म्हणजे वर्ग नसताना तू वर्ग तपासलास?"

"हो."

"संध्याकाळपर्यंत कोणतं ते नक्की सांग. नाही तर पुण्याचं तिकीट काढ."

तो रामघाटाकडे धावला. मीही गेले, घरी बसून काय करणार?

गुरुजी एकदा म्हणतात, मुलं दोनदा. तार हलली, सॉफ्टवेअरने उडी मारली आणि क्षणभर आवाज तुटला. नाशिकचा विष्णू पडद्यावर गोंधळला.

"पुन्हा. आरंभापासून," गुरुजी म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा.

"मुकुल, तुझं यंत्र मला पुढे जाऊ देणार आहे का?"

मुकुलने घाम पुसला आणि दुसरं सॉफ्टवेअर चालू केलं. जरा वेळाने त्याच्या हातातला फोन थरथरला. लाइन डगमगत होती, पण अजून तुटली नव्हती. बोट बटणावर ठेवून तो गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं, दाब ना रे मेल्या! अनुवाक, म्हणजे मंत्रांचा तो खंड, संपला, गुरुजींनी पाण्याचा गडू उचलला, तेव्हा त्याने दाबलं. विष्णूला काही कळलंसुद्धा नाही.

रुचीने दुसरं मंजूर केलं. मुकुल काशीत राहिला. आता वर्गाच्या वेळी तो फोन बोंबलतो आणि हा कपासकट गल्लीतून पळतो. माझे निम्मे कप पाठशाळेच्या कट्ट्यावर सापडतात.

परवा वैतागून ओरडले, "अरे, एकदा तरी बसून पी!"

जिन्यावरून उत्तर आलं, "अष्टमीला बसतो, मावशी!"