लघवीने केलेली चुगली

"बर्जर्स डिसीज," असं म्हणत पालघरच्या डॉक्टरांनी माझ्या डाव्या पायाचं काळवंडलेलं बोट दाबलं. मी बोंबललो. या आजारात तंबाखूमुळे हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत जातात. "बिडी आजपासून बंद. नाहीतर बोट कापावं लागेल, आणि ते एकावर थांबत नाही."

मी बोईसरच्या कारखान्यात दिवसभर मशीनपुढे उभा राहणारा माणूस. पायच गेले तर करणार काय? घाबरून बिडी टाकली ती कायमची.

तरी बोट गार ते गारच. मग डॉक्टरांनी माझी लघवी मुंबईला कोटिनीन टेस्टसाठी पाठवली. नव्वदीच्या त्या दशकात या तपासणीचं नावही आमच्या सरावली गावात कुणी ऐकलं नव्हतं. शरीरात गेलेल्या निकोटीनचं कोटिनीन होतं आणि ते लघवीत सापडतं. माझ्या लघवीत भरपूर सापडलं!

"तुम्ही खोटं बोलता," डॉक्टर म्हणाले. बायको मुरबे गावची कोळीण; ती रोज माझे खिसे हुंगू लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला भयंकर राग आला.

शेवटी नजरेखाली ठेवायचं म्हणून डॉक्टरांनी मला दवाखान्यात दाखल केलं. सकाळी ते राउंडला आले, तेव्हा मी खाटेवर बसून निवांत मशेरी लावत होतो.

"हे काय?"

माझं तोंड भरलेलं. बायकोच बोलली, "दात घासतान. मशेरी हाय. मीच भाजून आणली."

"भाजता काय, बाई?"

"तंबाखूच की," म्हणाली आणि तिने जीभ चावली.

डॉक्टर कपाळाला हात लावून हसत सुटले. सगळा वॉर्ड हसला. शेजारच्या खाटेवरच्या काकांनी मात्र आपली डबी हळूच उशीखाली सारली.

आमच्याकडे मशेरी म्हणजे सकाळचं तोंड धुणं, तिला व्यसनात कुणी धरत नाही. तुम्हाला डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं, तर आधी मोरीतली डबी आठवा.

मशेरी सुटल्यावर बोटाला हळूहळू ऊब आली. पुढची टेस्ट स्वच्छ निघाली. नख गेलं, बोट राहिलं.

त्या दिवसांत माझं डोकं दुखायचं, मी चिडचिड करायचो. बायकोही तशीच करू लागली. तिनेही मशेरी सोडली होती, मला न सांगता. तिला तर काहीच झालं नव्हतं.

"तू कशाला सोडलीस?"

"घरात भाजल्याचा वास आला तं तुमाला राहवंल का?"

डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण हे बोट बायकोने वाचवलं, असं मी चप्पल काढून, पाय दाखवून सगळ्यांना सांगतो.