वारा नव्हता

अमेरिकेत पार्सिपनीला मी ज्यांच्या घरी भाड्याच्या खोलीत राहायचो ते काका निवृत्त सर्जन. हौसेने छोटं, चार जणांचं विमान उडवायचे. त्या रविवारी सकाळी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि मागे काकू.

उतरताना अर्धी धावपट्टी संपली तरी चाकं हवेतच होती.

"अहो, स्पीड जास्त आहे," काकू म्हणाल्या. "परत वर घ्या ना."

"डिस्टर्ब करू नकोस गं. वीस वर्षं उडवतोय."

"मीही वीस वर्षं मागेच बसतेय."

काका हसले. उतरताना वेगाचा काटा कुठे असायला हवा हे त्यांनीच मला शिकवलं होतं. काटा तिथे नव्हता, मला स्वच्छ दिसत होतं. माझे वडील नागपुरात पत्रकं छापायचे. 'मोठ्यांनाही प्रश्न विचारा' असल्या ओळी वाचत मी वाढलो, पुढे स्वतः लिहिल्या, चौकात उभं राहून वाटल्या. आणि तिथे 'काका, थांबा' एवढं तोंडातून निघेना.

काकांनी घाईने विमानाचं नाक खाली दाबलं. विमान आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं. पुढचं चाक मोडलं, नाकावरचा पंखा जमिनीवर घासत गेला. काकूंचं मनगट मोडलं.

चौकशी अधिकाऱ्याने आम्हा तिघांकडून लेखी हकीकत मागितली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसलो.

"ऐनवेळी वाऱ्याचा झोत आला," काका म्हणाले. "तू पाहिलंस ना?"

"काका, वारा नव्हता. धावपट्टीशेजारची ती वारा दाखवणारी केशरी पिशवी नुसती लोंबत होती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "स्पीडचा काटाही पाहिलास?"

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

मी कागद पुढे ओढला. ते उठून बाहेर गेले.

मी लिहिलं: वारा नव्हता. वेग जास्त होता. काकूंनी परत वर घ्यायला सांगितलं होतं. मला दिसत होतं, मी गप्प बसलो.

काकूंनी प्लास्टरमधला हात सावरत कागद वाचला. "तुझं तू लिही. माझी ओळ तेवढी खोड रे. मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं नाही, हे परक्या माणसाला कशाला कळायला हवं? मला त्यांच्याबरोबर राहायचंय."

मी ती ओळ खोडली नाही. कागद तसाच दिला आणि महिनाअखेरीला खोली सोडली. काकूंचा फोन अजून आलेला नाही. मीही केलेला नाही.