पेंटरआबांचे रिकामे फुगे

लोणावळ्याच्या बाजारातल्या निम्म्याअधिक पाट्या ज्यांच्या हातच्या होत्या, त्या पेंटरआबांना वाचता येत नव्हतं. मी मुलींच्या शाळेतली मास्तरीण. दुकानाचं नाव मी कागदावर ठळक लिहून द्यायचं आणि आबांनी ते फळीवर उतरवायचं, असा आमचा रिवाज. एकदा माझ्या कागदावर शाईचा थेंब पडला, तर वाण्याच्या पाटीवर तो डागसुद्धा त्यांनी पिवळाधमक रंगवला. वाणी भांडायला आला तेव्हा आबा म्हणाले, "बाईंनी काढलंय, म्हंजी कायतरी असंलच की." मी कपाळाला हात लावला.

"ह्ये असं का?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. इंजिनाच्या धुरापासून माझ्या चष्म्यापर्यंत काहीही त्यातून सुटत नसे. उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन पुन्हा दारात हजर. माझी चिडचिड व्हायची, पण ते आले नाहीत तर चुकल्यासारखंही वाटायचं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत इथल्या बंगल्यांत गोरे सोल्जर उतरत. तिथे विमानहल्ल्याच्या भीतीनं तावदानं काळी रंगवताना आबांना केराच्या टोपलीत एक रंगीत अमेरिकन पुस्तक सापडलं. पानापानावर चौकटी, चौकटींत मारामाऱ्या, आणि प्रत्येकाच्या तोंडापाशी एक पांढरा फुगा. आबांनी ते माझ्यापुढे धरलं. "बाई, तिकडं लय थंडी असती का? समद्यांच्या तोंडातनं वाफ निघतीया."

"वाफ नाही आबा, ते बोलणं आहे. तिकडे अशी पुस्तकं ढिगानं छापतात. लहानथोर सगळे वाचतात."

आबांनी एका फुग्याच्या कडेनं बोट फिरवलं. मग म्हणाले, "बोलनं बी काढता येतं, ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई."

पुढचे चार महिने पाट्यांची कामं रखडली. वहीत त्यांनी स्वतःची गोष्ट काढली. आंदर मावळातला एक पैलवान, त्याचा बैल चोरीला जातो आणि तो शोधत शोधत घाट उतरून कोकणात जातो. चाळीस चित्रं, आणि काय चित्रं. बैलाच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसत होतं. फुगे मात्र कोरे. मी विचारलं तर म्हणाले, "मला कुटं लिवता येतंय? आन् बगनाऱ्याला तरी कुटं वाचता येतंय?"

बाजाराच्या दिवशी आंदर मावळातली माणसं तांदूळ विकून पिंपळाखाली टेकत. आबा वही उघडून एकेका फुग्यावर बोट ठेवत. "हितं ह्यो काय म्हनला असंल?" की झालं. तांदूळवाली ठकूमावशी पैलवानाच्या तोंडून चोराची अशी काही बिनपाण्यानं करायची की मी पदरानं तोंड झाकून हसत असे. तिची जाऊ त्याच फुग्यात भलतंच काही घालायची. पुढच्या बाजारी पुन्हा सगळं नवं.

आबांची एकच इच्छा होती. "पाट्या दोन पावसाळ्यांत धुऊन जात्यात, बाई. मी गेल्यावर मागं ऱ्हाईल असं एक तरी छापून ठिवायचंय." मी वही पुण्याच्या एका छापखानेवाल्याला दाखवली. कागदाची टंचाई असूनही तो तयार झाला. अट एकच, फुगे भरून आणा, कोरे फुगे कोण विकत घेणार. मी हौसेनं रात्रंदिवस बसून फुगे भरले. "दुष्टा, माझा वृषभ मला परत दे", असलं शुद्ध आणि सुवाच्य.

छापायच्या आधी आबांनी मला बाजारात ते वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं. कुणी हसलं नाही, कुणी मध्ये बोललं नाही. शेवटी ठकूमावशी म्हणाली, "पैलवान मास्तर झाला व्हय?" आणि तांदळाची टोपली उचलून चालती झाली.

दुसऱ्या दिवशी गेले तर आबा पांढरा रंग घेऊन माझी अक्षरं पुसत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आबा, छापायचं आहे ना? हवं तर ठकूमावशीचं बोलणं घालते."

"मंग तिच्या जावंचं कुटं घालायचं? छापलं की पैलवान एकदाच बोलनार. आन् मंग ही समदी गप. काल बगितलं न्हाई का तुमी?" त्यांनी ब्रश पुन्हा पांढऱ्या रंगात बुडवला. "ऱ्हाऊ द्या, बाई. न्हाई छापायचं."

आपली एकुलती एक इच्छा त्यांनी अशी सोडून दिली. मला मात्र माझ्या अक्षरांचंच दुःख झालं होतं. महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्याची आजही लाज वाटते.

लढाई संपली त्या वर्षी आबा अंथरुणाला खिळले. भेटायला गेले तर त्यांनी वही माझ्या हातात दिली. मी पानं उलटली. सगळे फुगे कोरे, पण एका चित्रापाशी माझी अक्षरं तशीच होती. दमलेला पैलवान कोकणात एका झोपडीपुढे उभा आहे आणि दारातली म्हातारी त्याला म्हणते आहे, "जेवून जा."

"आबा, हे पुसायचं राहिलं."

"ऱ्हाईलं न्हाई, ठिवलंय. तितं समदी त्येच म्हनत्यात."

पंधरा दिवसांनी आबा गेले. मी पुढे तीस वर्षं मुलींना निबंध शिकवले, स्वतःही पुष्कळ लिहिलं, थोडंफार छापूनही आलं. पण आबांच्या हातून पास झाले ते माझे दोनच शब्द.