भोग हा शब्द मी बोलले नाही

मोठ्या पास्टरांनी सगळ्यांसमोर माझ्या हातातला माईक काढून घेतला. म्हणाले, "तू सिर्फ ज़बान है, बेटी. दिमाग हमारा." पुढच्या रांगेतले हसले.

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतलं आमचं प्रार्थनाघर. वर पत्रे, खाली सतरंज्या. नागपूरहून आलेले मोठे पास्टर इंग्रजीत उपदेश करत होते, मी मराठीत सांगत होते. विषय यहुद्यांचा छळ. त्यांना गावोगावांतून हाकललं, जाळलं, शेवटी विषारी वायूच्या कोठड्यांत मारलं. इथवर मी सांगितलं. मग ते म्हणाले, हा देवाचा न्याय. त्यांनी ख्रिस्ताला नाकारलं होतं.

मी थांबले.

"भोग बोलो, भोग. सब समझेंगे," ते म्हणाले.

समजलं असतंच. आर्वीजवळच्या आमच्या गावात पोळ्याला आमचा बैल पाटलाच्या बैलाआधी तोरणाखालून गेला. वडिलांना काठ्यांनी मारलं. मारणारेच नंतर म्हणाले, तुमचे भोगच तसे. तो शब्द सोडून आम्ही या प्रार्थनाघरात आलो होतो.

सगळेच पास्टर असं शिकवत नाहीत. आमचे आधीचे पास्टर या छळाला पाप म्हणायचे. ते पाप ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी केलं, हेही सांगायचे.

"हा शब्द मी बोलणार नाही," मी म्हटलं. त्यावर माईक गेला.

पुढचं मराठी आमच्या नव्या पास्टरांनी केलं. आवाज गोड. यहुद्यांवर प्रेम करा. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर याहून मोठं संकट येईल, पुष्कळ मरतील. ते दिसलं की समजा, आपला राजा ख्रिस्त दाराशी आला.

"आमेन!" लोक म्हणाले. कुणी टाळ्या वाजवल्या. सगळे चेहरे ओळखीचे. एकाच्याही कपाळावर आठी नव्हती.

मी खाली येऊन बसले तशी आई कानाशी लागली. "काऊन वाद घालून राह्यली वं? इथूनबी काढलं तं जाऊ कुठी?"

"बाबाले मारलं तवाबी तू मले गप बसवलं होतं."

तिने पदर सारखा केला.

उपदेश संपल्यावर मोठे पास्टर म्हणाले, "माफी माँग, फिर माईक मिलेगा."

मी मागितली नाही. मागणार नाही. रविवारी जाईन, पहिल्या रांगेत बसेन. माणसं मारली गेली आणि ते देवाने केलं, असं कुणी म्हटलं की उभी राहीन. विचारेन, मारलं कोणी? उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही. काढायचं असेल तर हाताला धरून काढावं लागेल.